पाच हजार मित्र : माणसं एवढी यादी का वाढवतात?

कोलशेत | शनिवार, सकाळी ९:१०

फेसबुकवर एका खात्याला ५००० मित्रांची मर्यादा आहे. ती गाठलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. त्यातल्या काहींनी "हे खातं भरलं, विनंती दुसऱ्या खात्यावर पाठवा" असं प्रोफाइलवरच लिहून ठेवलंय. ऑर्कुटवर मर्यादा १००० ची होती आणि तेव्हाही लोक दुसरं प्रोफाइल उघडत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, पण ही सवय बंद झाली नाही.

या लोकांचा विषय निघाला की "शायनिंग मारतात, लाइक्ससाठी चाललंय" असं एका वाक्यात उरकलं जातं. मला हे उत्तर पटत नाही. पाच हजार मित्र असलेल्या माणसाच्या पोस्टवर पाहा, तीसचाळीस लाइक असतात आणि तेही त्याच त्याच लोकांचे. नुसत्या मिरवण्यासाठी कोण एवढी वर्षं हे करत बसेल?

मला वाटतं याचं उत्तर आपल्या ठाण्यासारख्या शहरातच सापडेल. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरची पाटी वाचा. गिरगाव, लालबाग, दादर, डोंबिवली, नाशिक, कोल्हापूर, कुठून कुठून आलेली माणसं. प्रत्येक जण एक वाडी, एक चाळ, एक गल्ली मागे सोडून आलेला. चाळीत ओळख टिकवायला वेगळं काही करावं लागत नव्हतं. नळावर, जिन्यात, गणपतीच्या वर्गणीला माणूस भेटायचाच. पंधराव्या मजल्यावर राहायला आलं की ओळख आपोआप टिकत नाही, ती कुठेतरी नोंदवून ठेवावी लागते. तशी नोंद करायला फ्रेंडलिस्ट मिळाली.

शिवाय जोडायला काहीच पडत नाही, काढायला मात्र जिवावर येतं. घरातली लग्नाच्या आहेराची वही कोणी रद्दीत टाकत नाही, तसंच हे. त्यातल्या निम्म्या लोकांशी आता येणंजाणं नसतं, पण नाव खोडायचं म्हणजे संबंध संपला असं आपणच लिहून देण्यासारखं होतं. म्हणून यादी वाढते आणि घटत नाही.

रॉबिन डनबार या ब्रिटिश अभ्यासकाने १९९२ मध्ये माकडांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांचा मेळ घालून माणसासाठी सुमारे १५० हा आकडा काढला. एका वेळी एवढीच नाती आपल्याला खरोखर सांभाळता येतात, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आतही थर आहेत : अगदी जवळचे ५, मग १५, मग ५०. मग उरलेल्या ४८५० लोकांचं आपण काय करतो, हा माझा खरा प्रश्न आहे.

तुम्ही यादी का वाढवलीत, किंवा का छाटलीत? मोकळेपणाने लिहा.

ट्रान्सहार्बर | शनिवार, सकाळी ९:४२

चांगला विषय. १५० च्या पलीकडची माणसं म्हणजे माझ्या मते गाडीतली माणसं.

लोकलच्या ग्रुपमध्ये ठरलेल्या डब्यात ठरलेल्या दाराशी जी माणसं वर्षानुवर्षं भेटतात त्यांचं आडनाव कधीकधी माहीत नसतं, घर तर नसतंच. तरी दसऱ्याला मिळून डबा सजवतो, पूजा करतो, कोणी रिटायर झालं तर वाशी ते ठाणे पेढे वाटतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली तेव्हा ही सगळी माणसं एका रात्रीत नाहीशी झाली असती. ग्रुपमधल्या एकाने हळूहळू सगळ्यांना फेसबुकवर शोधून काढलं. नावावरून नाही, कारण बऱ्याच जणांची पूर्ण नावं ठाऊक नव्हती. एकाचे म्युच्युअल, म्हणजे दोघांचे सामाईक मित्र, बघून दुसरा, असं करत. काहींच्या कंपन्यांनी नंतर कायमचं घरून काम दिलं आणि ते डब्यात परत आलेच नाहीत. ते आता फक्त यादीत आहेत, आणि मला ते तिथे हवे आहेत.

मासुंदा | शनिवार, सकाळी १०:०५

+१. गाडीतल्या माणसांचं अगदी पटलं.

ऐरोली_एचआर | शनिवार, सकाळी ११:३०

मी भरती विभागात आहे, म्हणून व्यवहाराची बाजू मांडते. यात भावना कमी आहे, पण कारण पक्कं आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख आमच्या क्षेत्रात अजून वाचला जातो. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती अशांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा : १६.७ टक्के. अधूनमधून : ५५.६ टक्के. क्वचित : २७.८ टक्के. म्हणजे नोकरीची बातमी जिवलग मित्राकडून कमी आणि कच्च्या ओळखीतून जास्त आली. कारण साधं आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. दूरचा माणूस वेगळ्या कंपनीत, वेगळ्या गावात वावरतो, त्याच्याकडे नवी बातमी असते.

२०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त वापरकर्त्यांवरचे प्रयोग छापून आले. त्यांतही हेच दिसलं, फक्त एक दुरुस्ती होती. अगदी अनोळखी माणसाचाही फारसा उपयोग नाही. मध्यम कच्च्या ओळखी सर्वांत कामाच्या.

ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत कपात सुरू झाली की हे मला डोळ्यांसमोर दिसतं. ज्याची यादी मोठी त्याच्याकडे निदान वीस ठिकाणांहून "आमच्याकडे एक जागा आहे" असा निरोप येण्याची शक्यता असते. लिंक्डइनवर ५०० च्या पुढे गेलं की नेमका आकडा दिसत नाही, नुसतं '५००+' दिसतं. कित्येक जण ५०० होईपर्यंत भराभर माणसं जोडतात आणि मग थांबतात. आकडा माणसाला कसा ढकलतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

खाडीपूल | शनिवार, दुपारी १२:१५

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. मी बँकेत आहे आणि फसवणुकीच्या तक्रारी समोर बसून ऐकतो.

मोठी यादी आणि तीही सगळ्यांना दिसणारी असेल तर काम सोपं होतं, चोराचं. तुमचा फोटो उचलायचा, तुमच्याच नावाने दुसरं खातं काढायचं आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यांना विनंत्या पाठवायच्या. पन्नास जण तरी न बघता स्वीकारतात. मग निरोप येतो, "माझा एक मित्र लष्करात अधिकारी आहे, त्याची बदली झाली, फर्निचर स्वस्तात काढतोय, तुझा नंबर त्याला देतो." नाव ओळखीचं, फोटो ओळखीचा, म्हणून माणसं पैसे भरतात. नेरूळपासून डोंबिवलीपर्यंतची, चांगली शिकलेली माणसं.

यादी वाढवायला हरकत नाही. पण सेटिंगमध्ये जाऊन आपली फ्रेंडलिस्ट कोण पाहू शकतं तिथे 'ओन्ली मी' करून ठेवा. आणि पैसे गेलेच तर संकोच न करता लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते.

कोलशेत | शनिवार, दुपारी १२:४०

@खाडीपूल, हे फार गरजेचं होतं. आत्ताच केलं.

तुमच्या लिहिण्यात माझ्या प्रश्नाचं एक उत्तरही आहे. अनोळखी माणसाची विनंती आली की आपण पहिल्यांदा म्युच्युअल किती ते बघतो. म्हणजे मोठी यादी ही ओळखपत्रासारखी वापरली जाते.

येऊरचा_पाऊस | शनिवार, दुपारी २:२०

डनबारचा १५० लोक फार ठामपणे सांगतात, म्हणून थोडं खुपतं. स्टॉकहोम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये तेच गणित आधुनिक पद्धतींनी पुन्हा केलं, तेव्हा उत्तराच्या खालच्या-वरच्या मर्यादा इतक्या दूर गेल्या की एकच आकडा सांगण्यात अर्थ उरत नाही असं त्यांनी लिहिलं. माझ्या आजीला अख्ख्या पंचक्रोशीतली लेकी-सुनांसकट माहिती होती. मेंदूत जागा नाही हे कारण मला पुरेसं वाटत नाही. वेळ नाही हे खरं कारण आहे. ठाण्याहून बीकेसीला रोज जाऊन येणाऱ्या माणसाकडे १५० कशाला, १५ माणसांसाठीही वेळ उरत नाही.

नौपाड्याच्या_बाई | शनिवार, दुपारी ४:०५

मी निवृत्त शिक्षिका आहे. माझी यादी मोठी आहे आणि मी ती मुद्दाम मोठी ठेवली आहे.

"जमवणं" हे मला लागू होत नाही. ही मुलं माझ्या वर्गात बसलेली आहेत. दर जूनमध्ये नवा वर्ग येई आणि दर एप्रिलमध्ये एक वर्ग हातातून जाई. शिक्षकाला मुलाची गोष्ट नेहमी अर्धीच ठाऊक असते. दहावीला जो गणितात अडकला त्याचं पुढे काय झालं, जिचं लग्न लवकर ठरत होतं ती शिकली का, हे कळायला पूर्वी काही मार्गच नव्हता. कधीतरी राम मारुती रोडवर कोणी वाकून नमस्कार करायचं आणि नाव आठवेपर्यंत गर्दीत निघून जायचं.

आता "बाई, ओळखलंत का?" असा निरोप येतो, सोबत फोटो असतो, मी चेहऱ्यात जुना चेहरा शोधते. एकीला लवकर शाळा सोडावी लागली होती. तिने स्वतःची मुलगी पदवीधर झाल्याचा फोटो टाकला आणि खाली मला टॅग केलं. मी त्यांच्या सगळ्या पोस्ट वाचू शकत नाही, वाढदिवसही सगळ्यांचे सांभाळता येत नाहीत. पण विनंती मी एकाचीही नाकारत नाही. वर्गात ज्याला बसू दिलं त्याला इथे कसं उठवू?

मासुंदा | शनिवार, दुपारी ४:२०

बाई, वाचून फार बरं वाटलं.

वाशी_सेक्टर१७ | शनिवार, संध्याकाळी ६:५०

नमस्कार, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथले सगळे फेसबुकबद्दल लिहिताय, आमच्यात ते कोणी फारसं उघडत नाही. पण इन्स्टावर हेच चालतं.

आमच्याकडे यादी कॉलेज सुरू होण्याआधीच तयार होते. ॲडमिशनची यादी लागली की कोणीतरी बॅचचा ग्रुप काढतं, सगळे आपापले आयडी टाकतात आणि एका रात्रीत दोनेकशे लोक एकमेकांना फॉलो करतात. त्यातलं कोणीच कोणाला ओळखत नसतं. तरी करतो, कारण पहिल्या दिवशी गेटवर एकटं उभं राहायचं नसतं. एक तरी चेहरा "तू तोच ना?" म्हणेल एवढ्यासाठी. मला ते अजिबात उथळ वाटत नाही. मी पनवेलहून येते, माझ्या शाळेतलं कोणीच या कॉलेजला नव्हतं.

आणि आम्हाला फरक कळतो. मोठा आकडा सगळ्यांसाठी असतो, खरं बोलणं क्लोज फ्रेंड्समध्ये होतं. इन्स्टाने ते २०१८ मध्ये आणलं. माझ्या क्लोज फ्रेंड्समध्ये अकरा जणी आहेत. कोणाला त्यातून काढलं तर दोन दिवसांत कळतं आणि मग भांडण होतं. त्यामुळे खरी कसरत तिथे असते, मोठ्या यादीत नाही.

ऐरोली_एचआर | शनिवार, संध्याकाळी ७:१५

@वाशी_सेक्टर१७, छान लिहिलंस गं. तुझे अकरा आणि डनबारचे पंधरा बरेच जवळ आले की!

आकडेमोड | शनिवार, रात्री ९:३०

एक कारण अजून कोणी लिहिलेलं नाही. बहुतेकांना मनापासून वाटतं की "माझ्या मित्रांना माझ्यापेक्षा जास्त मित्र आहेत". हा भास नाही, गणिताने खरं आहे. स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये ते मांडलं.

एका इमारतीत ११ जण धरा. सेक्रेटरी सगळ्या दहांना ओळखतो. बाकीचे दहा जण प्रत्येकी फक्त शेजाऱ्याला आणि सेक्रेटरीला ओळखतात. म्हणजे त्यांना दोन-दोन मित्र. आता त्यातल्या कोणालाही विचारा, तुझ्या मित्रांना सरासरी किती मित्र? सेक्रेटरीचे १०, शेजाऱ्याचे २, सरासरी ६. म्हणजे अकरापैकी दहा जणांना आपण कमी पडतोय असं दिसतं. कोणी काही वाईट केलेलं नाही. ज्याला पुष्कळ लोक ओळखतात तो पुष्कळांच्या यादीत असतो आणि प्रत्येकाची सरासरी वर खेचतो, एवढंच.

२०११ मध्ये फेसबुकच्या अभ्यासकांनी ७२.१ कोटी खात्यांवर हे मोजलं. माणसाला सरासरी १९० मित्र होते, त्याच्या मित्रांना सरासरी ६३५. ९३ टक्के लोक आपल्या मित्रांच्या सरासरीच्या खाली होते. आता रोज हे समोर दिसल्यावर माणूस "आणखी थोडे जोडूया" म्हणणारच. शर्यत कोणी लावलेली नाही, पण जवळजवळ प्रत्येक जण आपण मागे आहोत असं समजून धावतोय.

त्या वेळी मध्यक फक्त ९९ होता. निम्म्या लोकांना शंभरसुद्धा मित्र नव्हते. पाच हजारवाले आपल्याला खूप दिसतात ते याच कारणाने. खरे ते थोडेच आहेत.

येऊरचा_पाऊस | शनिवार, रात्री ९:५५

हे अकरा जणांचं उदाहरण जपून ठेवतो. मुलीला समजावून सांगायला हवं.

कोलशेत | शनिवार, रात्री १०:१०

@आकडेमोड, मनापासून धन्यवाद. यालाच जोडून : २००८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना एकच प्रोफाइल वेगवेगळ्या मित्रसंख्येसह दाखवलं, १०२, ३०२, ५०२, ७०२ आणि ९०२. सर्वांत आवडता माणूस ठरला ३०२ वाला. त्यापुढे आकडा वाढला तसं आवडणं कमी झालं. म्हणजे छाप पाडायला म्हणून वाढवत असतील तर ते एका टप्प्यानंतर उलटंच पडतं. तरी लोक वाढवतातच, म्हणून छाप हे मूळ कारण नसावं असं मला अजून वाटतं.

कळव्याची_सुगरण | रविवार, सकाळी ८:२५

मी घरून फराळ आणि मोदक करते. माझी यादी म्हणजे माझं दुकान आहे, हे सरळ लिहिते.

दुकानाचं वेगळं पेज काढून पाहिलं. पैसे भरल्याशिवाय ते कोणाला दिसतच नव्हतं. तेच मी माझ्या नावाने "उद्या सकाळी उकडीचे मोदक, २१ च्या पटीत ऑर्डर घेते" लिहिलं की खारेगाव, विटाव्यापासून कोपरीपर्यंत लोक विचारतात. ओळखीच्या बाईच्या हातचं खाणं आणि अनोळखी पेजवरचं खाणं यात लोक फरक करतात. म्हणून प्रत्येक नवं गिऱ्हाईक मी आधी मैत्रीण करते. पुढे त्यातल्या काही खरंच मैत्रिणी झाल्या, अडचणीला धावून आल्या. काही नुसत्या गिऱ्हाईक राहिल्या. दोन्ही चाललं.

वागळे१६ | रविवार, सकाळी १०:४०

काल रात्रीपासून वाचतोय. लिहू की नको असं झालं होतं.

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला, जागेवर आता काचेची इमारत आहे. कामगार पांगले. कोणी बदलापूरला गेलं, कोणी कोकणात गावी, कोणी सांगलीकडे शेतीवर. बाबांना साठीनंतर स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा ते रोज दुपारी जेवण झाल्यावर चष्मा लावून बसायचे आणि माणसं जोडायचे. यादी हजाराच्या पुढे गेली तेव्हा आई चिडायची, मीही म्हणायचो की बाबा, अनोळखी लोकांना कशाला घेता?

ते अनोळखी नव्हते. बाबांच्या वयाचे निम्मे लोक फेसबुकवर नव्हतेच, म्हणून बाबा त्यांची मुलं शोधायचे. आडनाव, गाव आणि चेहरेपट्टी यावरून. मुलाला विनंती पाठवायची, त्याने घेतली की विचारायचं, "तुझे वडील टर्नर होते का? मशीन शॉपला?" हो आलं की वडिलांचा फोन नंबर घ्यायचा. असं करत त्यांनी मशीन शॉप, पेंट शॉप, स्टोअर, कॅन्टीन असा जवळजवळ अख्खा कारखाना पुन्हा जुळवला होता. त्यांच्या वहीत खातेवार नावं आहेत, पुढे बरोबरची खूण. ती वही आम्हाला नंतर सापडली.

गेल्या वर्षी बाबा गेले. मी त्यांच्याच खात्यावरून दोन ओळी टाकल्या, वेळ आणि जवाहरबाग स्मशानभूमी एवढंच. चाळीसपन्नास नातेवाईक येतील असं धरलं होतं. बाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. मी त्यांतल्या फार थोड्यांना ओळखत होतो. एक जण बदलापूरहून मुलाच्या खांद्याला धरून आले होते आणि मला सांगत होते की तुझ्या वडिलांनी संपाच्या वेळी आमच्या घरी धान्य पोचवलं होतं. हे आम्हाला घरी कधीच माहीत नव्हतं.

म्हणून @कोलशेत यांच्या प्रश्नावर माझं उत्तर : त्या उरलेल्यांचं आपण रोज काही करत नाही. पण ते असतात.

मासुंदा | रविवार, सकाळी ११:००

🙏

नौपाड्याच्या_बाई | रविवार, सकाळी ११:२०

तुमच्या वडिलांना नमस्कार. ती वही जपून ठेवा. कारखान्याची ती हजेरी आणखी कोणाकडे नसेल.

वागळे१६ | रविवार, दुपारी १:०५

धन्यवाद बाई. एक प्रश्न आहे, कोणाला माहीत असेल तर सांगा. बाबांच्या खात्यावर अजूनही विनंत्या येतात. काहींना बातमी कळलेली नसते. खात्याचं आता काय करायचं असतं?

आकडेमोड | रविवार, दुपारी १:४०

दोन मार्ग आहेत. खातं कायमचं काढून टाकायला सांगता येतं, किंवा 'स्मृती खातं' करून घेता येतं. दोन्हीला मृत्यूचा पुरावा लागतो. स्मृती खातं झालं की नावाशेजारी 'रिमेंबरिंग' असं येतं, जुन्या पोस्ट आणि फोटो राहतात, पण मग त्यात कोणालाच लॉगिन करता येत नाही. त्या व्यक्तीने हयातीत 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमला असेल, ही सोय २०१५ पासून आहे, तर तो नव्या विनंत्या स्वीकारू शकतो आणि प्रोफाइलवर वर एक पोस्ट लावून ठेवू शकतो. निरोप मात्र त्यालाही वाचता येत नाहीत. नेमला नसेल तर यादी तिथेच थांबते.

बाकीच्यांनी हे आत्ताच सेटिंगमध्ये जाऊन नेमून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

वागळे१६ | रविवार, दुपारी २:१०

बाबांनी नेमलेला नाही. म्हणजे स्मृती खातं केलं की नवं कोणी जोडता येणार नाही. मग सध्या काही करत नाही. वहीत पेंट शॉपच्या सहा नावांपुढे अजून खूण नाही. त्यातले दोघे पोलादपूरकडचे आहेत एवढंच लिहिलंय. त्या भागातलं इथे कोणी असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, नावं तिथे देतो.

ट्रान्सहार्बर | रविवार, दुपारी २:३५

माझी सासुरवाडी पोलादपूरजवळ आहे. निरोप केलाय.